हे उताणे पडलेत

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून नीट कळत नाही. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून लिहिलं असेल ते माशांच्या टाक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांपुरतंच. शब्दही साधेच वापरीन, कारण माझ्याकडे दुसरे नाहीत.

मी श्रावण. अकोल्यात उस्मानभाईंच्या दुकानात कामाला आहे. आमच्याकडे मासे, लव्हबर्ड, ससे आणि त्यांचं खाणंपिणं मिळतं. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. मुक्या जीवांपाशी तसं होत नाही, म्हणून हे काम मला मानवतं.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी दुकानात एक काकू आल्या. गोऱ्या, साठीच्या पुढच्या, नऊवारी नाही पण पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. थोडा वेळ पोपट बघितल्यासारखं केलं आणि मग विचारलं, "तुमच्याकडे कोळ्याचं औषध मिळतं का हो?"

"मकडा म्हणता का?" उस्मानभाई म्हणाले. "फिनाईल मारा ना काकू. जागच्या जागी खतम."

"मारायचं नाही," काकू म्हणाल्या. "जगवायचं आहे."

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "घे. हे तुझ्या खात्यातलं दिसते."

त्यांचं नाव अनुपमाकाकू. घर जठारपेठेत. मुलगा अद्वैत कॉलेजात असताना त्यानं हाताच्या पंजाएवढा टॅरँटुला आणला होता. नोकरी लागली तसा तो पुण्याला गेला आणि कोळी घरीच राहिला. काकूंचे यजमान हरिहरपंत मोठे वकील. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झाला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून त्यांचं मन फक्त त्या कोळ्यात. त्यांनीच त्याचं नाव रावसाहेब ठेवलं होतं. घरात त्याला अरेतुरे करायचं नाही, असा गमतीचा नियमच होता. रावसाहेब जेवले, की मग वकीलसाहेब ताटाला हात लावायचे.

"आता रावसाहेब जेवत नाहीत," काकू म्हणाल्या, "म्हणून हेही जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेवढं रावसाहेबांना वाचव रे बाबा."

२

बैठकीच्या खोलीत खिडकीला कूलर होता आणि त्याच्या बाजूला स्टुलावर काचेची पेटी. रावसाहेब कोपऱ्यात बसून होते. काळे, केसाळ, निस्तेज. मी टाकलेला किडा त्यांच्या पायावरून चालत गेला तरी हलले नाहीत. पोटावर केस झडलेला एक डाग होता आणि तो काळा पडत चालला होता. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला.

"काकू, हे बिमार नाई," मी म्हणालो. "कात टाकणार हायेत. त्याच्या आधी खाणं सोडतेतच. फक्त आपल्या इकडची हवा लई कोरडी. कात अर्ध्यात अडकली त मग वाचत नाई."

मी पेटीतला भुसा ओला केला, किडा काढून घेतला, पेटीवर जाड कापड टाकलं. काय काय पाळायचं ते काकूंना सांगितलं. अंधार ठेवा, ओल ठेवा, आवाज करू नका, खायला टाकू नका. त्या मान हलवत प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होत्या.

"कोण आहे?" आतून जडसा आवाज आला.

मधल्या दाराला पडदा होता. काकूंनी मला आत नेलं. वकीलसाहेब मच्छरदाणीत पडून होते. अंगात बंडी, तोंडाची एक बाजू ओघळलेली. माझी मान वर होईना, पण रावसाहेबांचं विचारलं म्हणून बोललो. कात टाकली की अंग नवं निघतं, रंग उजळतो, दात काही दिवस मऊ राहतात, असं सगळं सांगितलं.

"नवे होणार?" ते म्हणाले.

"हो साहेब. एखादा पाय तुटलेला असन त तोई नवा येते."

मग उजव्या हातानं त्यांनी आपला डावा हात उचलला, पाहिला, आणि एखादी वस्तू ठेवावी तसा परत पोटावर ठेवला.

"तुटलेलासुद्धा," ते म्हणाले.

३

मी रोज दुपारी जायला लागलो. त्या वेळी अकोल्याचे रस्ते ओस असतात. उन्हाच्या भीतीनं कुत्रीही नालीत शिरून बसतात. काकू दार उघडायच्या, मी कापड बाजूला करून रावसाहेबांना बघायचो, ओल बघायचो, सरबत पिऊन निघायचो.

रावसाहेबांचा डाग काळाभोर झाला. त्यांनी खाली पांढऱ्या जाळीची गादी विणायला घेतली. कात टाकायची वेळ जवळ आली की ते असंच करतात. मला आनंद झाला. आत सांगायला म्हणून मी पडद्यापाशी गेलो आणि थबकलो.

खोलीत अंधार होता. दोन्ही खिडक्यांवर चादरी लावलेल्या, आणि त्या ओल्या होत्या. टोकांवरून पाणी फरशीवर टपकत होतं.

"ह्यांना उजेड सोसत नाही आता," काकू मागून हळू म्हणाल्या. "आणि अंग कोरडं पडतंय म्हणतात."

उन्हाळा आहे, म्हातारं माणूस आहे, मी मनाशी म्हटलं. आमच्या घरीही खिडकीला ओलं गोणपाट लावतात.

मच्छरदाणी पलंगाच्या चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली होती. घट्ट, एकही सुरकुती नाही. आतलं फक्त एक लांबट, फिकट काहीतरी दिसत होतं.

"काकू, इतकी घट्ट काहून लावली? हवा कशी जाईन?"

"मी नाही लावली," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले तर अशीच होती. ह्यांनीच लावली असेल."

एका हातानं, आतून, चारही बाजूंनी. मी त्या दिवशी सरबत घेतलं नाही.

४

कोळ्याची एक सवय असते. पाय टाकायच्या आधी तो पुढच्या दोन पायांनी जागा चाचपतो. टक टक, थांबून परत टक टक. पेटी शांत असेल आणि कान जवळ नेला तरच ऐकू येतं.

त्या दिवशी कूलर बंद होता, लाइन गेली होती. मी पेटीजवळ वाकलो होतो आणि मला ते ऐकू आलं. टक टक. टक टक. मी रावसाहेबांकडे पाहिलं. ते जाळीच्या गादीवर गप्प बसले होते. एकही पाय हलत नव्हता.

आवाज मधल्या खोलीतून येत होता. पलंगाच्या लाकडावर बोटं वाजावीत तसा. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग दोन्हीकडे एकदम.

डावा हात तर गेलेला आहे. मग काकू आत असतील, पाय दाबत असतील. मी श्वास सोडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या, हाताला कणीक लागलेली.

"काय रे, असा काय बघतोस?"

"आत कोणी आलं का काकू?"

"कोण येणार? एक डॉक्टर यायचे, त्यांनाही ह्यांनी नको म्हटलंय." मग त्या थोड्या हसल्या. लाजल्यासारख्या. "तू रावसाहेबांचं सांगितलंस ना, तेव्हापासून ह्यांनी मनावर घेतलंय. काही खात नाहीत, पण तोंडावर कसं समाधान आहे."

संध्याकाळी मी उस्मानभाईंना त्या आवाजाचं सांगितलं.

"अरे, लकवेवाल्याचा हात कधी कधी परत येते," ते म्हणाले. "माझ्या चाच्याचा आला होता. चांगली खबर हाय ना ही! तू काहून तोंड पाडून राहिला?"

ते बरोबर बोलत होते. मी स्वतःला बजावलं की ही चांगली खबर आहे.

५

मग मला नांदगाव पेठेला जावं लागलं. माझा मोठा भाऊ अमोल तिथं कापडाच्या कारखान्यात आहे, त्याच्या मुलीचं बारसं होतं. निघताना काकूंना म्हटलं, "आता केव्हाही उताणे पडतीन रावसाहेब. पाठीवर, पाय वर. पाहून भेव वाटते, पण तेच बरोबर असते. काई लागलं त फोन करा."

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारातून बारशाचं सामान घेऊन परत नांदगाव पेठेला निघालो होतो. बस खच्चून भरलेली, ड्रायव्हरनं गाणी लावलेली. मी एका कानात बोट घातलं.

"श्रावण, हे उताणे पडलेत रे," काकूंचा आवाज कापत होता. "सकाळपासून. हलत नाहीत."

"झालं मग काकू! भेवू नका. पाय कसे हायेत? पोटाशी गोळा झाले का?"

"नाही. सरळ आहेत."

"मग कायचीच चिंता नाई. पोटाशी गोळा झाले असते त गेले म्हणलं असतं. सरळ हायेत म्हणजे जित्ते हायेत."

"पण अंग अगदी गार लागतंय."

"गारच राहते त्यांचं अंग. आता हात नका लावू. आत्ता हात लावला त सगळं बिघडते."

"श्वास दिसत नाहीये."

"दिसतच नसते तो, काकू."

मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावू का?"

मला हसू आलं. जनावरांचे डॉक्टर रावसाहेबांना पाहून दारातूनच पळाले असते. "डॉक्टर काय करन त्यांचं? त्याले यातलं काई समजत नाई. कोणालेच आत येऊ देऊ नका. अंधार ठेवा, ओल ठेवा. त्यांचं ते निघतीन बाहेर."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढ्या विश्वासानं म्हणाल्या, की आजही तो शब्द कानात आहे. "तू सांगतोस तसंच करते."

६

बारसं आटोपून अकोल्याला आलो तो तसाच जठारपेठेत गेलो. अमोलच्या बायकोनं दिलेला लाडवांचा डबा हातातच होता.

काकूंनी दार उघडलं. चेहरा उजळलेला. केसांत मोगऱ्याचा गजरा होता, तो मी त्यांच्या केसांत कधी पाहिला नव्हता.

मी पेटीवरचं कापड काढलं. रावसाहेब मधोमध उभे होते, मखमलीसारखे काळे, आधीपेक्षा मोठे. बाजूला त्यांची जुनी कात पडली होती. आठही पाय, नख्या, सगळं जसंच्या तसं. फक्त आत कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

"किती सुंदर झाले काकू. त्या दिवशी उगीच भेल्या तुमी."

"कोणत्या दिवशी?"

"फोन केला तेव्हा. उताणे पडले म्हणून."

"रावसाहेब तर तू गेलास त्याच रात्री मोकळे झाले," त्या म्हणाल्या. "सकाळी बघते तर असे उभे. फोन मी ह्यांच्यासाठी केला होता."

लाडवांचा डबा मी स्टुलावर ठेवला. ठेवताना तो पेटीला लागून वाजला. रावसाहेब मागे सरले.

माझ्या आईनं बाबांचं नाव आजपर्यंत घेतलेलं नाही. तीही "हे"च म्हणते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया म्हणतात. आणि मला बसमध्ये ते कळलं नव्हतं.

"काकू," मी कसाबसा म्हणालो, "साहेब कुठं हायेत?"

"आत आहेत की. तू म्हणालास तसंच केलं सगळं. हात लावला नाही. डॉक्टर आले होते, त्यांना दारातून परत लावलं. अद्वैतचा फोन आला, त्याला म्हटलं, बाबा झोपलेत." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नसतास तर मी काहीतरी भलतंच करून बसले असते रे."

घरात वास नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा मी तोच शोधत होतो. ओल्या चादरींचा आणि मोगऱ्याचा वास होता. दुसरा कसलाच नाही.

७

"बघायचं आहे का?" काकू कुजबुजल्या. "पण बोलू नकोस हं."

मला नको म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. त्यांनी पडदा बाजूला केला.

मच्छरदाणीची एक बाजू सुटलेली होती. पलंगावर वकीलसाहेब उताणे होते. बंडी, धोतर, पाय सरळ. त्यांना पाहून मला, कसं सांगू, बरंच वाटलं. म्हातारा माणूस वारला आहे आणि काकूंना ते पेललेलं नाही, एवढंच आहे. वाईट आहे, पण जगात होतं असं. आता उस्मानभाईंना बोलावू, अद्वैतला कळवू.

तेवढ्यात कूलरचा वारा दारातून आत गेला आणि त्यांचा पाय हलला. पाय हलतो तसा नाही. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही हलते तसा. उचलला गेला, थोडा थरथरला, परत खाली बसला. आवाज झाला तो वाळलेल्या पानाचा.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उघडं होतं. त्या उघड्या तोंडातून उशीच्या अभ्र्यावरची फुलं दिसत होती.

टक टक.

तो आवाज पलंगावरून आला नव्हता. भिंतीला लोखंडी कपाट होतं आणि कपाट व भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा. तिथून येत होता, पत्र्यावर बोटांचा. वरून सुरू झाला, छताजवळून, आणि हळूहळू खाली सरकत आला. त्या फटीत काहीतरी गुलाबी होतं. लहान बाळाच्या टाचेसारखं गुलाबी आणि ओलं.

"उजेड नको," कोणीतरी म्हणालं.

काकूंनी लगेच पडदा सोडला. "आवाज किती मोकळा झालाय ना?" त्या आनंदानं म्हणाल्या. "आधी अर्धे शब्द तोंडातच राहायचे. आता मला सांग, जेवायला कधी द्यायचं? तू म्हणाला होतास, कात टाकल्यावर दात मऊ असतात."

ते मी म्हणालो होतो. दात कडक होईपर्यंत खायला द्यायचं नसतं.

"आत्ता नाई," मी म्हणालो. "काईच नका देऊ. आत जाऊ नका काकू. माझ्यासंगं चला."

"अरे, मी गेले तर ह्यांचं कोण करणार?"

मी पळालो. त्यांना तिथंच सोडून पळालो. खोटं कशाला लिहू?

८

रात्र कशी गेली ते सोडून देतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी उस्मानभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या बायको हलीमाबी आत चहा ठेवत होत्या. उस्मानभाईंना सांगता येईल तेवढं सांगितलं. कपाटामागचं सांगितलं नाही.

त्यांनी दाढी खाजवली. "वकील मेले, अन् बाईच्या डोक्यावर असर झाला," ते म्हणाले. "तू पहिले बाईले बाहेर काढ. इथं आण, हलीमाबी सांभाळून घेईन. मंग पोलिसाले, पोराले, सगळ्याले फोन करू. मी येऊ का?"

"नका येऊ. दोघं गेलो त त्या दार उघडणार नाई."

त्यांनी स्कूटीची चावी माझ्या हातात दिली.

काकूंनी दार उघडलं. कालचाच गजरा, आता पिवळा पडलेला. माझी नजर आधी स्टुलाकडे गेली. पेटी रिकामी होती. झाकण खाली फरशीवर.

"रावसाहेब?"

"ह्यांनी मागून घेतले," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कालच्यासारखा नव्हता. "म्हणाले, आता त्याची काही गरज नाही."

त्याची. त्या घरात रावसाहेबांना कोणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. काकूंनाही ते लागलं असावं, कारण त्या रिकाम्या पेटीकडे पाहत राहिल्या.

रस्त्यात ठरवलेलं मी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. "काकू, हलीमाबीनं तुमाले बोलावलं. उस्मानभाईच्या घरून. नाश्त्याले. आत्ताच."

"इतक्या सकाळी?" त्यांनी पदर सारखा केला. "थांब हं. ह्यांना विचारून येते."

आणि त्या पडद्याकडे वळल्या.

मी कधी कोणत्या परक्या बाईच्या अंगाला हात लावलेला नाही. पण मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. त्या चमकल्या, हात ओढायला लागल्या. "अरे, सोड! असं न विचारता कसं—"

पडद्यामागचं टकटक थांबलं. इतका वेळ ते चालू होतं हे मला थांबल्यावर कळलं.

"अनुपमा," आतून आवाज आला. तरणा, स्वच्छ आवाज. "अनुपमा, कोण आलंय?"

काकूंचा हात माझ्या हातात सैल पडला.

त्या पडद्याकडे पाहत होत्या. पडदा खालच्या बाजूनं थोडा फुगला होता, जमिनीपासून वीतभर वर, कोणीतरी त्यामागं बसावं तसा.

"हे मला कधी नावानं हाक मारत नाहीत," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून एकदाही नाही. अगं म्हणतात."

"अनुपमा."

"हे नाहीत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच माझा हात घट्ट धरला आणि माझ्या पुढं होऊन, अनवाणी, त्या घराबाहेर पडल्या. मी दार ओढून घेतलं, बाहेरची कडी घातली. ऊन निघालं होतं. समोरच्या घरी कोणीतरी सडा टाकत होतं. काकू स्कूटीवर मागं बसल्या आणि त्यांनी माझा शर्ट दोन्ही मुठींत पकडला.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "कडी नीट बसली ना रे?"

मी हो म्हणालो. पण खात्री वाटेना. गाडी लिंबाखाली उभी केली, त्यांना तिथंच थांबवलं आणि एकटा परत जाऊन पाहून आलो.

बसली होती. आतून दार हळूहळू चाचपलं जात होतं, खालपासून वरपर्यंत, आणि प्रत्येक वेळी ती कडी थोडीशी हलत होती. मी खिशातला रुमाल काढला, कडी त्यानं बांधून टाकली, आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.